दंडाची ज्वारी

कारंजाच्या धर्मशाळेत बिडीला मनाई होती. ओढलीच, तर दंड म्हणून कबुतरांना शेरभर ज्वारी घालायची. बाजाराला येणारे आमच्या ओळखीचे एक सरकीचे दलाल आल्याआल्या आधी ज्वारी उधळायचे आणि मग खाटेवर ऐसपैस बसून बिडी पेटवायचे. "दंड भरला ना बाप्पा, आता कायचं पाप?" आम्ही सगळे हसायचो.

एकदा तिथले झाडलोट करणारे म्हातारबा खोकत म्हणाले, "ज्वारी कबुतरं खातेत भाऊ, धूर मले गिळा लागते."

पुढच्या बाजाराला दलालांनी दोन पिशव्या आणल्या. एक कबुतरांना घातली, दुसरी म्हातारबांच्या हाती दिली आणि बिडी पेटवली. म्हातारबांनी आपली पिशवीही कबुतरांपुढे रिकामी केली.

दलालांनी पेटती बिडी मुठीत दाबली. हात भाजला असणार, पण मूठ काही त्यांनी उघडली नाही.