सुभद्राबाईंचा फिरता फोटो

पौर्णिमाने पंधरा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात दुसऱ्यांची नावं सजवली. अकोल्याच्या जठारपेठेत सुरुवात लग्नपत्रिकांपासून झाली. मग पत्रिका मोबाईलवर हलू लागल्या, मग मंडपात एलईडी पडदे आले, आणि पडद्यांवर जे जे हलायचं ते तीच हलवत राहिली. पाटी मात्र मालकाची. यंदा, एकोणचाळिसाव्या वर्षी, ती वेगळी झाली. पहिलं काम आलं चांदूर बाजारहून, तेरवीचं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पहिल्यांदा तिचं नाव जाणार होतं: पौर्णिमा ग्राफिक्स, जठारपेठ, अकोला. काम जमलं तर तालुक्यात नाव होणार होतं. फसलं तरी होणारच होतं.

गेलेल्या सुभद्राबाईंचा मुलगा उत्तमराव फोनवर घाईत होता. "ताई, मायचा फोटो पडद्यावर फिरत राह्यला पायजे. नुसता लटकवून ठेवू नका."

त्याने एकच फोटो पाठवला. लग्नातला, घोळक्यातला. सुभद्राबाईंचा उजवा हात नातीच्या खांद्यावर होता. पौर्णिमाने नात कापून काढली, घोळका काढला. राहिल्या सुभद्राबाई, हिरवं लुगडं आणि पुढे केलेला मोकळा हात.

चौकटीच्या कडांना आपटून परत फिरणारी वस्तू तिने शेकडो वेळा केली होती. वाढदिवसांचे फुगे असेच फिरतात. वस्तूला वेग द्यायचा, कड आली की वेगाचं चिन्ह उलटं करायचं, झालं. पण सॉफ्टवेअर वस्तूचा मध्य मोजतं, त्यामुळे अर्धा चेहरा कडेबाहेर बुडतो आणि मगच वळतो. मेलेल्या माणसाचा चेहरा कापला जाणं बरं नव्हे. म्हणून तिने कडा मोजून आत ओढल्या, इतक्या की नेमकी बोटं चौकटीला टेकावीत. फुग्यासारखी उसळी नको म्हणून वेग म्हातारीच्या चालीइतका ठेवला. कडेशी क्षणभर थांबा दिला. वळताना फोटो आरशातल्यासारखा उलटा केला, म्हणजे जाताना आणि येताना हातच पुढे राहील. तीन दिवस ती हेच करत होती. शेवटी तिला वाटलं, सुभद्राबाई खरंच चालतायत.

अमरावतीला एसटी बदलून ती सकाळी चांदूर बाजारला पोचली. मंडपवाल्याने पडदा अंगणाच्या कंपाउंडच्या भिंतीला लावूनच उभा केला होता. तिने लॅपटॉप जोडला. भजन संपलं, लोक सतरंजीवर सरकून बसले, पडदा उजळला.

सुभद्राबाई मधून निघाल्या. उजव्या कडेशी गेल्या. हात टेकला. थांबल्या. वळल्या. डाव्या कडेशी गेल्या.

बायकांमधलं बोलणं तुटलं. पौर्णिमाला वाटलं, आवडलं. तिने मान वर केली तेव्हा कुणीच तिच्याकडे पाहत नव्हतं. उत्तमरावची बायको चंदा पाण्याचा जग घेऊन उभी होती, आणि जग तिरका होऊन पाणी सतरंजीवर सांडत होतं, तरी तिला कळत नव्हतं.

"अशीच थांबे," पुढे बसलेली शेजारीण मैनाबाई म्हणाली. हळू म्हणाली, पण मंडपात दुसरा आवाज नव्हता. "भिताडाले हात लावे, थांबे, अन् पलटे."

"चूप राय ना वो," कुणीतरी म्हणालं.

"काहून चूप राहू? दीड वर्ष पायलं मी माह्या गच्चीवरून. सकाळपासून तेच. या भिताडापासून त्या भिताडापोत. अन् फाटकाले कुलूप."

सुभद्राबाईंनी पुन्हा हात टेकला.

पडद्याच्या बाजूला दिसणारी भिंत पौर्णिमाने आता पाहिली. चुना लावलेला होता, आणि माणसाच्या छातीइतक्या उंचीवर हातांचा एक मळकट पट्टा चुन्याखालूनही दिसत होता.

उत्तमराव तिच्या टेबलाशी येऊन वाकला. मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी होती, ती त्याने उगाच नीट केली.

"तुमाले हे कोनं सांगतलं?"

"काय, दादा?"

"मायचं."

"कुणीच नाही. तुमीच म्हणले ना, फोटो फिरत राह्यला पायजे."

"फिरत म्हंजे एकामागून एक, वो बाई. पंधरा-वीस फोटो. चंदानं धाडले नाईत का बाकीचे?"

चंदाने धाडले नव्हते. पौर्णिमाने मान हलवली. उत्तमरावने मागे बायकोकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"रस्त्यावर गेली होती एकदा," तो म्हणाला. "ट्रकच्या समोर. भान नोतं राह्यलं तिले. दुसऱ्या बार जाऊ नये म्हनून कुलूप लावलं. आमी वावरात, चंदाचे हात कामात. काय करा लागत होतं मंग?"

पौर्णिमाने बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं.

"बंद नका करू. बंद केलं तं सारे समजतीन का मीच बंद करवलं." त्याने आवाज खाली आणला. "ते पलटनं तेवढं काढा."

"पलटणं काढलं तर त्या परत येत नाहीत, दादा. बाहेर जातात."

पडद्यावर सुभद्राबाई डाव्या कडेशी थांबल्या होत्या. मैनाबाईने पदर तोंडात धरला होता. उत्तमरावने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"जाऊ द्या," तो म्हणाला.

कडेशी वळवणाऱ्या कोडच्या ओळी तिने पुसल्या. काम अर्ध्या मिनिटाचं होतं. मग पहिल्यापासून चालवलं.

सुभद्राबाई मधून निघाल्या. त्याच चालीने उजव्या कडेशी आल्या. आता हात टेकेल म्हणून सगळा मंडप श्वास धरून बसला. हात टेकला नाही. बोटं गेली, मनगट गेलं, बांगड्या गेल्या. चेहरा मधोमध कापला गेला, जे होऊ नये म्हणून पौर्णिमा तीन दिवस कडा मोजत बसली होती. मग लुगड्याचा हिरवा काठही गेला.

त्या परत येतील म्हणून लोक पाहत राहिले. चंदा तर पडद्याच्या कडेपलीकडे, भिंतीच्या टोकाशी, फाटकाकडे पाहत होती. फाटक आज पाहुण्यांसाठी सताड उघडं होतं.

पांढऱ्या पडद्यावर, खालच्या कोपऱ्यात, आता एवढंच उरलं होतं: पौर्णिमा ग्राफिक्स, जठारपेठ, अकोला. चारशे माणसं तेवढंच वाचत होती.