राहिलेलं एक अक्षर

सोलापुरातल्या भवानी पेठेत सोमलिंगचं घर डोळ्यांनी नाही, कानांनी सापडायचं. ठक्, ठक्, ठक्! घरोघरी मिक्सर आले तरी बायका झिजलेले पाटे-वरवंटे त्याच्याकडंच टाकी लावून खरखरीत करायला आणायच्या. उरल्या वेळात तो ख्रिस्ती कबरींच्या फरश्यांवर अक्षरं खोदायचा. आज्यानं बाप्तिस्मा घेतला, पण घरातली नावं काही बदलली नाहीत. त्यामुळं चर्चमध्ये नवे पाळक आले की मंडळीची यादी वाचताना हमखास अडखळायचे. "सोमलिंग? हे नाव चुकून आलंय का?" मागच्या बाकावरून उत्तर यायचं, "चुकून न्हाय साहेब, पायी आलोय!"

फरशीवरची शेवटची ओळ ठरलेली: प्रभूमध्ये निजला, नाहीतर निजली. मेला असं लिहायचं नाही. शेवटच्या दिवशी प्रभू उठवणार, म्हणून निजला. सोमलिंगनं हा शब्द शेकडो वेळा खोदला होता, आणि रडणाऱ्या गिऱ्हाइकाला वर धीर फुकट. "निजलेत ताई. उठतील की!"

मग त्याची सुकन्या गेली. एकुलती एक, बावीस वर्षांची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. डेंगीच्या तापानं पाच दिवसांत.

झोपावं तर त्या पोरीनं! एकदा दारावरून लग्नाचा बँड गेला, कुत्री गल्ली सोडून पळाली, हिनं कूस बदलली नाही. तिची आई निंगव्वा हाका मारून दमायची. शेवटी सोमलिंग उंबऱ्याच्या दगडावर टाकी ठोकायचा. तिसऱ्या ठोक्याला पोरगी उठून बसायची. "उठले की अप्पा, घर पाडताय का!"

तिला मातीत ठेवलं आणि टाकी गप्प झाली. बायका पाटे दुसरीकडं नेऊ लागल्या. पाळक येऊन म्हणाले, "सोमलिंग, आपल्याला आशा आहे."

"हेच मी लोकास्नी सांगत होतो साहेब," तो म्हणाला. "सांगायला लई सोपं हाय."

ईस्टर, येशू कबरीतून उठला तो दिवस, जवळ आला. त्या पहाटे सगळे कबरस्तानात जमतात, कबरी फुलांनी झाकतात, गाणी म्हणतात.

"समद्यांच्या कबरी सजतील," निंगव्वा म्हणाली, "आनि माझी लेक बिननावाची पडंल व्हय? दुसऱ्याकडनं करून आनू?"

"माझ्या लेकीचं नाव दुसरा कुनी खोदनार न्हाय."

शनिवारी दुपारी त्यानं काळी फरशी पुढ्यात घेतली. नाव झालं, तारखा झाल्या, 'प्रभूमध्ये' झालं. 'नि' झाला, 'ज' झाला. दर थोड्या ठोक्यांनी तो थांबायचा, मान वर करून आतल्या खोलीकडं बघायचा. निंगव्वाच्या ध्यानात आलं. ह्याच आवाजानं पोरगी उठायची.

एकाएकी त्यानं टाकी फेकली. "दुपारधरनं ठोकतोय, निंगव्वा. उठली का? निजली म्हनं! निजलेल्याच्या उरावर दगड ठिवतं का कुनी?"

'ली' राहिला तो राहिलाच.

पहाटे ती अपुरी फरशी रिक्षात घालून दोघं कबरस्तानात गेली. त्याचं मन बदललं तर असावी म्हणून निंगव्वानं टाकी-हातोडी पिशवीत टाकली होती. फरशी मातीवर टेकवली. उजाडत होतं. निंगव्वा चौथी शिकलेली, तीही निम्मी कन्नडमध्ये. बोट ठेवून ती एकेक अक्षर लावू लागली. "सु-क-न्या... प्र-भू-म-ध्ये... नि-ज."

बोट पुढं सरकलं. पुढं कोरा दगड.

"निज," ती परत म्हणाली. आणि तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाजच बदलला. पाळण्यापाशी बसून म्हणायची, तो आवाज. "निज गं माझे बाय, निज."

सोमलिंगनं टाकी काढायला पिशवीत हात घातला.

"ऱ्हाऊ द्या तसंच," ती म्हणाली. "निज कुनाला म्हनतो आपन? सकाळी उठवायचंय त्यालाच की."

"उठवनार कोन? माझ्या ठोक्यानं न्हाय उठली."

"तुमच्या ठोक्यानं न्हाय उठायची आता. ज्याच्यापाशी निजलीय, त्यो उठवंल."

पलीकडं मंडळी गाणं म्हणत होती. सोमलिंगनं तोंड उघडलं, पण सूर निघाला नाही, हुंदकाच निघाला. तो खाली बसला आणि 'ज'च्या खाचेतली भुकटी बोटानं काढत राहिला. लोक पांगले, फुलं उन्हानं मलूल झाली, तरी काढतच राहिला.

टाकी तशीच घरी आली.

मंगळवारी शेजारीण भीत भीत पाटा घेऊन आली. त्यानं तो ठेवून घेतला. संध्याकाळपर्यंत नुसता बघत बसला, मग ठोके सुरू झाले. पण पूर्वीसारखे गल्ली हलवणारे नाहीत. दबके, अंतरा-अंतरानं, आतल्या खोलीत कुणीतरी झोपलेलं असावं, असे.