चप्पल सुटली त्याची गोष्ट

कट्टा गावच्या बाजारात माझ्या डाव्या पायातली चप्पल सुटली आणि मी तशीच पुढे चालत गेले. मला कळलंच नाही. मागून माझी मोठी जाऊ येत होती. तिने ती चप्पल दोन बोटांत धरून उंच केली आणि मासेवाल्या बायकांसमोर ओरडली, "गो मास्तरणी, चप्पल इसारलंस! पाय तरी हाडलंस मां वांगडा?"

पाय तरी सोबत आणलेस ना, या तिच्या प्रश्नावर सगळ्या हसल्या. त्यातल्या दोघींच्या मुलांना मी गणित शिकवलं होतं.

त्याआधी सात-आठ महिने माझ्या पायांना मुंग्या येत होत्या. आधी अंगठे, मग सगळी बोटं. झोपताना चादर पायाला लागली की आग व्हायची, आणि दिवसा तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखं वाटायचं. घरी मी बोलून दाखवलं की जाऊ म्हणायची, "कामाचो कंटाळो. दुसरां काय नाय." आम्ही एकाच घरात राहतो, चुली वेगळ्या, पडवी एक. तिचं बोलणं टाळायला जागाच नव्हती.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं होतं, "साखर बॉर्डरवर आहे. डायबिटीस नाही अजून. गोड कमी करा." मी पायांचं विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही बायका दिवसभर ओल्यात उभ्या असता, दुसरं काय होणार?" मी दिवसभर फळ्यासमोर उभी असते, कोरड्या फरशीवर. तेही त्यांनी विचारलं नाही. ताकदीच्या गोळ्या लिहिल्या आणि पुढच्याला हाक मारली.

बाजारातून त्या दिवशी घरी आले, चप्पल दारात काढली, पिशव्या ठेवल्या. जाऊ मागोमाग आत आली आणि थांबली.

"लादी आताच सकाळी पुसलंय मीया. ह्यां रगात कोणाचां?"

दारापासून माझ्यापर्यंत लाल ठिपके होते. मी मागे वळून पाहिलं, कोणी आलंय का म्हणून. मग पाय उचलला. तळव्यात बाटलीच्या काचेचा तुकडा रुतला होता. अनवाणी चालले तेवढ्यात लागला असणार. त्यावर चप्पल चढवून मी घरापर्यंत आले होते. काच उपटून काढली तेव्हाही फारसं काही वाटलं नाही. त्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मालवणात नव्याने आलेल्या एका डॉक्टरणीकडे गेले. तिने जखम धुतली, पट्टी बांधली आणि मग दोन्ही पाय समोर घेऊन बसली. मला डोळे मिटायला लावले आणि म्हणाली, "लागलं की हो म्हणा." बराच वेळ मी गप्प होते. मला वाटलं तिने सुरुवातच केली नाही. डोळे उघडले तर तिच्या हातात एका काडीला लावलेला नायलॉनचा धागा होता. आमचे हे खडकावर बसून गरी टाकतात, तिची तंगूस असते ना, तसाच. तो माझ्या अंगठ्यावर टेकून वाकला होता.

मग तिने शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा एक धातूचा चिमटा वाजवून अंगठ्यावर ठेवला. "थरथर थांबली की सांगा." मी लगेच "थांबली" म्हणाले. तिने तोच चिमटा माझ्या मनगटावर ठेवला. तो अजून गुणगुणत होता.

"साखर बॉर्डरवर असतानाही नसा बिघडायला सुरुवात होऊ शकते," ती म्हणाली. "आधी कोणी पाय पाहिले नव्हते का?"

तिथून मी सरळ जुन्या डॉक्टरांकडे गेले. पाच-सहा जण बसले होते. मी आत शिरून विचारलं, "तुम्ही माझे पाय का नाही बघितलेत?"

"बाई, बॉर्डरवाल्या प्रत्येकाच्या चपला काढत बसलो तर संध्याकाळ होईल."

मी पट्टी बांधलेला पाय त्यांच्या स्टुलावर ठेवला. "आता बघा."

त्यांनी पाहिलं नाही. दाराकडे बघून पुढचं नाव घेतलं. मी पाय खाली घेतला आणि निघाले.

घरी आले तेव्हा जाऊ पडवीत नारळ सोलत होती. तिचीही साखर बॉर्डरवर आहे, त्याच डॉक्टरांनी सांगितलेली. मी ह्यांच्या पिशवीतून तंगुशीचा तुकडा काढला. "वैनी, पाय पुढे करा. डोळे मिटा. कळलां की सांगा."

का कोण जाणे, तिने ऐकलं.

"कळलां," ती म्हणाली. "हंय कळलां. आता आंगठ्याक. आता करंगळेक."

मी धागा हलका हलका टेकवत गेले. शेवटी तर जेमतेम. तरी तिला कळतच होतं. तिने डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तुका काय व्हया होतां, तां माका कळलां," ती म्हणाली आणि पाय ओढून घेतला.

मी तंगुशीचा तुकडा गुंडाळून परत पिशवीत ठेवला.

त्यानंतर भात निम्म्यावर आणला, शाळा सुटल्यावर रोज चालते, पट्ट्याच्या सँडल घालते, आणि आंघोळीनंतर आरशात तळवे बघते. साखर खाली आली. आग बरीच कमी झाली. अंगठे मात्र अजून माझे वाटत नाहीत, आणि ते परत येतीलच असं डॉक्टरीण म्हणत नाही.

जाऊ माझ्याशी कामापुरतं बोलते. वाडीत मात्र तिने सांगून ठेवलंय की मला, धाकट्या जावेला, तीही आजारी निघायला हवी होती. ते खोटं आहे असं मला म्हणता येत नाही.