एका पाकळीचं साल

बस आगाराच्या कॅन्टीनमधल्या मुख्य स्वयंपाकिणीला सगळे 'ठिणगी' म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर 'बाई' म्हणत, तेही जरा लांब उभं राहून. राग तिच्या नाकावर असायचा म्हणणं म्हणजे कमीच सांगणं. तो तिथे बिऱ्हाड करून राहिला होता. गॅस मंद पेटला की ती गॅसवर चिडायची, बटाटे बारके निघाले की बटाट्यांवर, आणि कुणी "आज जेवण छान झालंय" म्हणालं की "म्हणजे काल वाईट होतं का?" म्हणून त्याच्यावर. बावीस वर्षं तिने दोनशे ड्रायव्हर-कंडक्टरांना वेळेवर जेवू घातलं होतं आणि बावीस वर्षांत एकदाही कुणाची माफी मागितली नव्हती. या दुसऱ्या गोष्टीचा तिला जास्त अभिमान होता.

तिला उलट बोलायची छाती एकीचीच, चिमटीची. अंगाने एवढीशी म्हणून चिमटी. दोघी एकाच दिवशी कामाला लागलेल्या. रोज सकाळी सहाला दोघी समोरासमोर स्टुलांवर बसत, मधे पाच किलो लसूण, आणि सोलता सोलता कचाकचा भांडत. मीठ कुणी जास्त टाकलं, सुरी कुणी बोथट केली, कुणाचा नवरा जास्त घोरतो. लसूण संपला की भांडण संपायचं. याला मैत्री म्हणतात असं त्यांना कुणी सांगितलं असतं, तर दोघी मिळून त्याच्यावर धावून गेल्या असत्या.

मग एके दिवशी तपासणीला आलेल्या बड्या साहेबांच्या घशात लसणाचं साल अडकलं. साहेब ठसकले, डोळ्यांतून पाणी, टाय आमटीत. सावरल्यावर ओरडले, "हा लसूण कुणी सोलला?" चाळीस ड्रायव्हर ताटावरून मान वर करून बघत होते.

त्या सकाळी चिमटी मूठभर लसूण सोलून मागच्या दारी बटाट्याची पोती उतरवायला गेली होती, आणि तिची मूठ चटणीत गेली होती. आमटीतला लसूण ठिणगीने एकटीने, घाईघाईत सोलला होता. हे फक्त तिलाच पक्कं ठाऊक होतं. पण बावीस वर्षांचा मान असा एका सालापायी जाणार म्हटल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिचं बोट वर उठलं ते चिमटीकडे. "हिने! आंधळी झालीय अलीकडे! उद्यापासून माझ्या लसणाला हात लावायचा नाही. जा, चहाच्या काउंटरवर बस!"

चिमटी एरवी चवताळून उठली असती. त्या दिवशी ती आपल्या हातांकडे बघत राहिली. "माझ्याच हातून झालं असेल," ती म्हणाली आणि काउंटरवर जाऊन बसली. ठिणगीला रात्री जेवण गेलं नाही. म्हणून तिने नवऱ्याशी भांडण काढलं.

चहाच्या काउंटरवर रोज दिवेलागणीला एक गृहस्थ यायचा. काळा कोट, चेहरा पिठासारखा. चहा मागायचा आणि पुढ्यात ठेवून गार करायचा, एक घोट घ्यायचा नाही. बायकांनी त्याचं नाव 'गारचहा' ठेवलं होतं. वर्षभर तो येत होता, पण स्वयंपाकघरातल्या बायकांजवळ फिरकला नव्हता. आता काउंटरवर चिमटी होती, आणि तिच्या हातांचा लसणाचा वास दिवसेंदिवस उतरत चालला होता.

दोन आठवड्यांत चिमटी बदलली. गोड झाली. ड्रायव्हरने चहा पाण्यासारखा आहे म्हटलं तर म्हणायची, "असू दे हं." सुट्ट्या पैशांवरून कुणी हुज्जत घातली तर हसायची. मॅनेजर भलताच खूश. "बघा, काय सुधारणा आहे! शिका काहीतरी," असं तो ठिणगीला सुनावून गेला. बाई गार पडली, विझली, तर या लोकांना ती सुधारली असं वाटतं! ठिणगीने त्याच्या पाठीवर झारा उगारला आणि मुद्दाम चिमटीला म्हणाली, "तुझा चहा म्हणजे बादलीतलं पाणी." चिमटी म्हणाली, "बरं." ठिणगीच्या हातातला झारा खाली आला. बावीस वर्षांत चिमटीने तिला कधी 'बरं' म्हटलं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी भांडी घासणारी मावशी ओल्या हातांनीच धावत आली. "अगं, तिच्या हातून ग्लास घेतला. बोटं बर्फासारखी गं! आणि मानेवर बघितलंस का? दोन दोन टोचे, दोन ठिकाणी."

"डास असतील."

"डास तुझ्या डोक्यात! माझी सख्खी आत्या अशीच गेली. रक्तपिशाच आहे तो गारचहा. दोनदा चावला की रक्त थंड पडतं, माणसाला राग येईनासा होतो. तिसऱ्यांदा चावला की संपलं, माणूस त्यांच्यातलंच होतं. त्याआधी तिचं रक्त उकळलं तरच सुटका. गरम रक्त त्यांना सोसत नाही. तुझ्या वाटेला का गेला नाही? तोंड भाजलं असतं त्याचं."

"आहे कुठे ती?"

उत्तर दारातून आलं. ठिणगीचा धाकटा दीर आगारात मेकॅनिक होता; तो डबा न्यायला आला होता. "वहिनी, चिमटीताई ना? रोज जेवणाच्या सुट्टीत मागच्या भंगारातल्या बसकडे जातात. त्या बसच्या काचांना कुणीतरी आतून कागद चिकटवलेत."

ठिणगीने ठेचलेल्या लसणाची बादली उचलली. मावशीने भांडी घासायचा काथ्या घेतला, का ते तिलाही सांगता आलं नसतं. दिराने पाना घेतला. असं हे तिघांचं सैन्य भर दुपारी, टळटळीत उन्हात, टायरांचे ढीग ओलांडत निघालं.

बस चाकांशिवाय विटांवर उभी होती. सामानाची डिकी भिंतीकडच्या सावलीत होती आणि चिमटी तिच्यासमोर उकिडवी बसली होती. आतून कुणीतरी हळूच नखाने पत्रा खरवडत होतं. दिराने पुढे होऊन डिकीच्या कडांना लसूण फासला. आतला आवाज थांबला.

"झालं! कोंडला!" मावशी म्हणाली.

चिमटीने तिच्याकडे गोड हसून बघितलं, पदराने लसूण पुसायला सुरुवात केली आणि दुसरा हात कडीवर ठेवला. दिराने तिला ओढलं, तर तिने त्याला एका हाताने असं ढकललं की तो टायरांत जाऊन पडला.

"तिला चिडव!" मावशी ओरडली. "अगं, तुझं जन्माचं काम आहे ते!"

ठिणगीने तोंडाचा पट्टा सोडला. चिमटीची उंची काढली, नवऱ्याचं घोरणं काढलं, लेकीच्या लग्नातल्या साडीचा रंग काढला. जिभेला हाड नव्हतंच, आता धरबंदही राहिला नाही. चिमटी म्हणत होती, "असेल. असू दे." कडी अर्धी सरकली. डिकीच्या फटीतून चार पांढरी बोटं बाहेर आली आणि चिमटीच्या मनगटावर टेकली.

एकच गोष्ट उरली होती. ठिणगीला ती मघाशीच, लसणाची बादली उचलताना आठवली होती, आणि तोवर बाकी सगळं काढून झालं होतं ते हीच काढावी लागू नये म्हणून. तिला स्वतःचा असा संताप आला, की बावीस वर्षांत कुणाचा आला नव्हता.

"तो लसूण मी सोलला होता," ती म्हणाली. "साहेबांच्या घशातला. तू पोती उतरवत होतीस. मला तेव्हाच माहीत होतं. माझी चूक होती आणि मी खापर तुझ्यावर फोडलं."

चिमटीचा हात थांबला.

"तू?"

"मी."

"मी एकोणीस दिवस माझ्या हातांकडे बघतेय." चिमटीचा आवाज बारीक होता. "डोळे तपासून आले. लेकीला म्हटलं, आता माझ्याने काम होत नाही. आणि तुला माहीत होतं?" आधी तिचे कान लाल झाले, मग मान, मग सगळा चेहरा. "माहीत होतं तुला?"

मनगटावरची बोटं चटका बसल्यासारखी मागे गेली, डिकीत कुणीतरी केकाटलं. चिमटीने तिकडे लक्षही दिलं नाही. ती उठली आणि तिने ठिणगीच्या कानशिलात अशी लगावली, की आवाज वर्कशॉपपर्यंत गेला. हात गरम होता, तापलेल्या तव्यासारखा. ठिणगी गाल धरून उभी राहिली आणि मोठ्याने रडू लागली. चिमटी तिला अजून बोलतच होती, बावीस वर्षांचं सगळं एकदम.

दिराने क्रेन आणून बस फिरवली आणि डिकीचं दार उन्हाकडे करून उघडलं. आत एक काळा कोट आणि सूपभर राख होती. मावशीने ती झाडून काढली. "काथ्या उगाच आणला," ती म्हणाली.

संध्याकाळी त्याच चाळीस ड्रायव्हरांसमोर उभं राहून ठिणगीने सालाची गोष्ट सांगितली. मॅनेजरने झारा तिच्याकडून घेऊन चिमटीला दिला. माफी मागून झाली होती, पण चिमटीने ती दिली नाही. अजून दिलेली नाही. मुख्य शेगडी आता तिची आहे, आणि ठिणगीशी ती कामाशिवाय शब्द बोलत नाही.

सकाळी सहाला ठिणगी एकटीच स्टुलावर बसते. समोरचं स्टूल रिकामं असतं. पाच किलो लसूण ती लख्ख सोलते, आणि एका पाकळीचं साल मुद्दाम ठेवते. चिमटी टोपलीत हात फिरवते, नेमकी तीच पाकळी काढते आणि तिच्या अंगावर फेकते. "आंधळी झालीस का गं? बावीस वर्षं काय केलंस?"

ठिणगीच्या जिभेवर चार उत्तरं येतात, ती सगळी गिळते. चिमटीचे कान लाल झालेत का तेवढं बघते, आणि पाकळी उचलून सोलायला घेते.