पडद्याच्या अलीकडे

गणपतीत हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाचं नाटक असतं, दरवर्षी पौराणिक. त्या वर्षी मी हट्टानं एक जुना इटालियन ऑपेरा घेतला, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊनच करायचं नाटक. राजाला महाल वाढवायचा असतो, म्हणून तो एक वस्ती उठवतो आणि माणसं रडत निघून जातात. मी विद्यापीठात संगीत शिकवते. त्या चालींवर मराठी शब्द बसवण्यात अख्खा उन्हाळा गेला. राजाच्या शिपायांना मी भाल्यांऐवजी हेल्मेट आणि मोजपट्ट्या दिल्या. दुर्गाघाटाजवळच्या आमच्या गल्लीत रुंदीकरणासाठी घरांवर लाल खुणा पडल्या होत्या ना! माझ्या नाटकातली माणसं मात्र शेवटी निघून जाणार नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष, सगळ्यांचे काका, तालमीला आले आणि भडकले. "पोरी, हे सब राजकारण मंडपात नको. पहिल्या रांगेत रुंदीकरणाचे साहेब बसणार आहेत. मूळ नाटकात लोक जातात ना? मग जाऊ दे त्यांना."

"ते हलणार नाहीत, काका."

"मग मी पडदा पाडीन. दोरी माझ्या हातात राहील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात वस्तीतली माणसं म्हणून घेतलेल्या भजनी मंडळातल्या बायकांना उभं राहून गाता येईना. आयुष्यभर मांडी घालून गायलेल्या त्या; उभ्या केल्या की हात कुठे ठेवायचे तेच कळेना. ओरडून ओरडून माझा घसा बसला. शेवटी एकीनं, तिच्या ओट्यावरही लाल खूण होती, सतरंजी ओढली आणि म्हणाली, "बसून गाऊ दे गं, तभी सूर लागतो." त्या बसल्या आणि असा सूर लागला की मी ओरडायचंच विसरले. मोजपट्टीवाले येतात आणि माणसं खाली बसतात. हे मला का सुचलं नव्हतं? दुसऱ्या दिवशी मी सतरंजी रंगमंचाच्या अगदी कडेला, पडद्याच्या अलीकडे अंथरली. काकांना काही सांगितलं नाही.

प्रयोगात हेल्मेटवाले आले, बायका बसल्या आणि गाऊ लागल्या. काकांनी दोरी सोडली. पडदा बायकांच्या पाठीमागे पडला. हेल्मेटवाले आत आणि बायका लोकांसमोर. भजनात शेवटची ओळ सगळे उचलेपर्यंत सोडत नाहीत, तशीच त्यांनी ती धरून ठेवली. आधी मागून, मग सगळीकडून लोक गायला लागले. साहेब चुळबुळत बसून राहिले. मी विंगेत रडत होते, आनंदानं आणि थोडं भीतीनंही.

संपल्यावर काका लालबुंद होऊन आले. "पुढच्या साली तुझं नाटक बंद!"

मी तोंड उघडणार, तोच सतरंजी गुंडाळत ती बाई म्हणाली, "पुढच्या साली गल्ली बचली, तर करा ना बंद, काका."

काकांनी वळून गल्लीकडे पाहिलं. त्यांचं घर तिच्या घराला लागूनच होतं.