देवीच्या नावाचा बोकड

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण अजून मनातून जात नाही ती घटना एका बोकडाची आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावात नवसाचा बोकड देवीच्या नावाने मोकळा सोडत. तो कोणाच्याही अंगणात खाई, त्याला कोणी हाकलत नसे. चैत्रातल्या बळीच्या पूजेला दोन दिवस उरले असताना तो नाहीसा झाला. ज्या घरचा नवस, तिथला कर्ता मुलगा चार भाऊबंद घेऊन तक्रार द्यायला आला. तेवढ्यात निनावी फोन: "साहेब, बौद्ध वस्तीत त्या नोकरीवाल्याच्या घरी मटन शिजून राह्यलं."

हा 'नोकरीवाला' सव्वीस वर्षांचा तरुण. सरकारी कार्यालयात निवड झालेला. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर सहीसाठी पडून होता. गुन्हा नोंदवला तर त्याची नोकरी हातची जाणार, नाही नोंदवला तर भाऊबंद वस्तीवर चालून जाण्याची भाषा करत होते. मी त्याला बोलावले आणि सकाळी दहापासून चारपर्यंत भिंतीपाशी उभे ठेवून तेच तेच विचारले.

"मटण कुठून आणलं?"

"बाजारातून, साहेब. नोकरी लागली म्हून मायनं खाऊ घातलं."

"बोकड कुठं आहे?"

"मले काहून विचारता? गावात अजून कोनाले विचारलं काय?"

प्रश्न झोंबला, कारण खरा होता. बाजारातल्या खाटकाकडे शिपाई पाठवला आणि मी तक्रारदाराच्याच घरी पंचनाम्याला गेलो. गोठ्यात बैलजोडी. मागच्या खोलीला कुलूप. दाराच्या फटीतून पाहिले, तर आत हिरवा पाला टांगलेला. बैलाला कोणी पाला टांगून घालत नाही. खाली पडलेल्या पाल्याला तोंड न लावण्याचा तोरा शेळ्या-बोकडांचा. काखेत कळसा आणि आम्ही गावाला वळसा घालत होतो.

किल्ली तक्रारदाराच्या आईच्या कमरेला निघाली. कुलूप उघडले, तर आत बोकड.

"नातू बिमार होता तवा म्याच नवस बोलली," आजी म्हणाली. "पन या बोकडाची माय मेली अन् म्याच याले बाटलीनं दूध पाजलं. हातानं पाजलेलं कसं कापू देऊ?"

"आणि तिकडे तो पोरगा अडकला, ते कळलं नाही?"

"कळलं. जीभच नाही उचलली." ती रडू लागली. मग पदर सावरून स्वतःच जीपमध्ये बसली, ठाण्यात मी पुढे केलेल्या खुर्चीवर बसून मुलादेखत, त्या तरुणादेखत सगळे सांगितले आणि वस्तीत जाऊन त्या तरुणाच्या आईचे पाय धरले. पडताळणीच्या कागदावर मी त्याच संध्याकाळी सही केली.

पूजेला बंदोबस्त ठेवला. तिथली रीत अशी, की पाठीवर पाणी टाकल्यावर बोकडाने अंग झाडले तर देवीने तो मागितला. दरवर्षी देवीचा म्हातारा भगत अख्खा तांब्या रिकामा करी. त्या दिवशी त्याने दोन बोटांनी चार थेंब शिंपडले आणि तांब्या खाली ठेवला. बोकड जागचा हलला नाही.

"देवीनं याले मागतलं नाही," भगत म्हणाला. "रोडग्याचा निवद दाखवा."

सगळ्यांनी पाहिले आणि गोवऱ्यांवर रोडगे, कणकेचे जाड गोळे, भाजायला घेतले. कायदा शिकवायला गेलेला मी, त्या भगताकडून शहाणपण शिकून आलो.

पुढे तो तरुण पेढे घेऊन ठाण्यात आला. जाताना म्हणाला, "साहेब, एक सांगतो. चूक आजीची होती, तरी तिले तुमी खुर्ची देली. मी सहा घंटे उभा होतो."

मला स्वतःची लाज वाटली. मी त्याची माफी मागितली. अकोल्याला बदली झाली तेव्हा पहिल्याच दिवशी चौकशीच्या खोलीत एक खुर्ची वाढवली. येईल त्याला आधी बसा म्हणायचे, मग नाव विचारायचे. बसलेला माणूस खरे जास्त बोलतो, हा माझा अनुभव.

निवृत्तीनंतर एका कागदासाठी त्याच 'नोकरीवाल्या'च्या कार्यालयात गेलो. त्याच्या टेबलासमोर धोतरातला एक म्हातारा शेतकरी निवांत बसून बोलत होता. नोकरीवाल्याने मला ओळखले, उठून दुसरी खुर्ची ओढली आणि म्हणाला, "बसा, साहेब."