सोप्या मराठीतली तारीख

जामबागच्या कॉलेजात मी कायदा शिकवते. कोर्टाची भाषा पक्षकारालाच कळत नाही, याची मला भयंकर चीड. म्हणून बेगम बाजारातल्या एका मसालेवालीसाठी माझ्या विद्यार्थ्यांनी सोय केली. तिच्या दुकानाच्या खटल्याची तारीख झाली की फोनवर साध्या मराठीत बोलका निरोप जायचा. दर वेळी तोच. "आज सुनावणी झाली नाही. पुढची तारीख पडली."

एके दुपारी ती कॉलेजातच आली. "बाई, बंद करा ते, परेशान झाले मी. इंग्रजी कागद यायचा तेव्हा वाटायचं, आत काहीतरी चाललंय. आता कळतं, काहीच चालत नाही."

ती गेल्यावर मुलांनी विचारलं, निरोपात काय सुधारायचं? मी तो पुन्हा लावून ऐकला. निरोपात एकही शब्द चुकीचा नव्हता.